अमरत्वाचे अळंबे आणि रक्तातली साखर

इ. स. पूर्व १०९ मध्ये चीनचा हान सम्राट वू याच्या गान्छ्वान राजवाड्यात एक अळंबे उगवले. त्याला नऊ देठ होते म्हणे. सम्राटाला तो दैवी शकुन वाटला आणि त्याने राज्यभरातल्या कैद्यांना माफी जाहीर केली. बुरशीमुळे तुरुंग रिकामे झाल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही!

अशा मंगल अळंब्यांपैकी सर्वांत नावाजलेले म्हणजे 'लिंगझी'. जपानी लोक त्याला 'रेशी' म्हणतात. लाकडासारखे कठीण, लाखेचे पॉलिश केल्यासारखे तांबूस आणि चवीला कडू. तरीही १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या ली शीझेनच्या औषधी-कोशात त्याची गणना भाज्यांत आहे. त्याच्याही कितीतरी आधीच्या, शेन्नोंगच्या नावावर असलेल्या ग्रंथात या अळंब्यांचे रंगांवरून सहा प्रकार सांगितले आहेत. लाल प्रकार छातीतला अडथळा काढतो, हृदयाला बळ देतो, स्मरणशक्ती वाढवतो, असे तिथे म्हटले आहे. साखरेच्या आजाराचा मात्र उल्लेख नाही. चिनी वैद्यांना तो आजार ठाऊक नव्हता असे नव्हे. अतिशय तहान लागून शरीर झिजवणाऱ्या दुखण्याला ते 'श्याओके' म्हणत.

अळंब्याला औषध मानणे आपल्यालाही नवे नाही. कोकणात फणसाच्या खोडावरचे अळंबे सहाणेवर उगाळून लहान मुलांचे तोंड आल्यावर वापरतात. पण दावा तेवढाच.

मग लिंगझीचे मधुमेहाशी नाते जुळले कधी? फार अलीकडे. १९८५ मध्ये जपानमधील हिरोशी हिकिनो आणि सहकाऱ्यांनी या अळंब्यातून 'गॅनोडेरान' नावाची द्रव्ये वेगळी काढली. ती उंदरांना टोचल्यावर त्यांच्या रक्तातली साखर उतरली. संशोधन चांगलेच होते. पण टोचलेले शुद्ध द्रव्य वेगळे आणि माणसाने गिळलेली भुकटीची कॅप्सूल वेगळी, हा फरक बाजाराने पुसून टाकला. पुढे या कॅप्सूल साखळी विक्रीतून आपल्या शहरांतही आल्या. विकणारा बहुधा नात्यातलाच असल्यामुळे नाही म्हणणे अवघड, आणि सोबत 'हजारो वर्षांचे औषध' हे शिफारसपत्र!

माणसांवरच्या चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेसाठी २०१५ मध्ये आढावा घेतला गेला. पाच चाचण्या, ३९८ माणसे. टाइप २ मधुमेहात या अळंब्याने साखरेवर किंवा कोलेस्टेरॉलवर उपयोग होतो, असा पुरावा त्यात मिळाला नाही.

कॅप्सूलचे पैसे वाया गेले तर एक वेळ सोसता येईल. घोटाळा होतो तो "आता गोळ्या बंद केल्या तरी चालेल" या सल्ल्याने. साखर वाढली तरी सुरुवातीला दुखत-खुपत नाही. महिनोन्महिने डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे मुकाट्याने बिघडत राहतात. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला तर तेवढीही सवड नसते. त्याचे इन्शुलिन थांबवले तर काही दिवसांतच जिवावर बेतते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)