१२ संघ, एक खुर्ची
मंडळी, मागच्या भागात आपण २०१४ पाशी थांबलो होतो. प्रो कबड्डी मुंबईत सुरू झाली, ८ संघ, मातीतला खेळ मॅटवर. २०१७ मध्ये गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूचे संघ आले; झाले १२. पण मला जास्त रस आहे तो कारभारात. खेळ व्यावसायिक झाला तरी त्याचा राष्ट्रीय महासंघ नावाने ‘हौशी’च! जनार्दनसिंह गेहलोत २८ वर्षं अध्यक्ष, मग तहहयात अध्यक्ष, आणि अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी. म्हणजे सगळं घरातच की! शेवटी माजी खेळाडूच कोर्टात गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांचीही पदं रद्द करून महासंघावर प्रशासक नेमला. लीग मात्र थांबली नाही. ऑक्टोबरात चेन्नईत सहावा हंगाम सुरू झाला.