वधू आणि वर : ख्रिस्ती अध्यात्मातील मीलनाचे रूपक

परमेश्वर आणि मनुष्य यांच्यातील नाते सांगण्यासाठी धर्मपरंपरांनी राजा आणि प्रजा, धनी आणि सेवक, पिता आणि पुत्र अशा अनेक रूपकांचा आश्रय घेतला आहे. ख्रिस्ती परंपरेत या सर्वांबरोबर आणखी एक रूपक आरंभापासून वावरत आले आहे. ते म्हणजे विवाहाचे. ख्रिस्त हा वर आणि त्याची मंडळी, किंवा श्रद्धावंताचा आत्मा, ही वधू, अशी ही कल्पना आहे. या रूपकातून प्रार्थना, काव्य, व्रतविधी आणि साधनेचे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. 'आध्यात्मिक विवाह' ही संज्ञा या शास्त्रात साधकाच्या प्रवासातील अखेरच्या टप्प्यासाठी वापरली जाते. त्याच वेळी, देवाविषयी बोलताना शृंगाराची भाषा कितपत वापरावी, आणि ती वापरण्याचा अधिकार कोणाला, हा वादही या रूपकाच्या पाठोपाठ चालत आला.

संदेष्ट्यांची वाणी आणि गीतरत्न

या रूपकाचे मूळ ख्रिस्तपूर्व इस्राएलात आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात उत्तरेकडील राज्यात होशेय नावाचा संदेष्टा होऊन गेला. गोमर या पत्नीने केलेल्या प्रतारणेचे दुःख त्याने भोगले आणि त्या दुःखातच इस्राएलाने देवाशी केलेल्या प्रतारणेचे चित्र पाहिले. 'बाल' या शब्दाचा अर्थ धनी असा होतो आणि पती असाही. शिवाय ते कनानी दैवताचेही नाव होते. पुढे असा दिवस येईल, की प्रजा परमेश्वराला धनी म्हणून नव्हे तर आपला पती म्हणून हाक मारील, अशी आशा होशेयाच्या ग्रंथात व्यक्त झाली आहे. भयाच्या नात्याचे प्रीतीच्या नात्यात होणारे हे रूपांतर पुढील साऱ्या विचाराचे बीज ठरले. यिर्मया, यहेज्केल आणि यशया यांच्या ग्रंथांतही हे रूपक आढळते.

जुन्या करारातील 'गीतरत्न' हे आठ अध्यायांचे आणि ११७ ओव्यांएवढ्या वचनांचे छोटेसे पुस्तक. त्यात दोन प्रेमिकांचे संवाद आहेत. परमेश्वराचा उघड उल्लेख जवळजवळ नाहीच. असे पुस्तक पवित्र ग्रंथांत असावे काय, यावर यहुदी पंडितांमध्ये चर्चा झाली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रब्बी अकिवा यांनी सर्व पवित्र लेखनांत हे परमपवित्र होय, असा निर्वाळा दिल्याची नोंद मिश्नामध्ये आहे. यहुदी परंपरेने या गीतात परमेश्वर आणि इस्राएल यांचे प्रेम वाचले.

नव्या करारात वर म्हणजे ख्रिस्त झाला. बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःला वराचा मित्र म्हणवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला आहे. पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्रात पती-पत्नीच्या नात्याची तुलना ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याशी केली आहे, तर प्रकटीकरणाच्या अखेरीस नवे यरुशलेम शृंगारलेल्या वधूप्रमाणे स्वर्गातून उतरते. या सर्व ठिकाणी वधू ही एकटी व्यक्ती नसून समुदाय आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

समुदायाकडून एकेका आत्म्याकडे

वधू म्हणजे मंडळी, तसाच वधू म्हणजे प्रत्येक श्रद्धावंताचा आत्मा, हा दुहेरी अर्थ ठळकपणे मांडण्याचे श्रेय तिसऱ्या शतकातील ओरिजेन या अलेक्झांड्रियाच्या पंडिताकडे जाते. गीतरत्नावरील त्याच्या विस्तृत भाष्याचा काही भागच लॅटिन अनुवादात शिल्लक आहे. परंतु तेवढ्यानेही पुढील हजार वर्षांच्या वाचनाला दिशा दिली. चौथ्या शतकात निसा येथील ग्रेगरीने गीतरत्नावर १५ प्रवचने लिहिली. देव अनंत असल्यामुळे त्याच्याविषयीची ओढ कधीच संपत नाही, प्रत्येक भेट नव्या तृष्णेला जन्म देते, हा त्याचा विशेष विचार. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पवित्र सप्ताहाच्या आरंभीच्या दिवसांतील प्रार्थना आजही वराच्या नावाने ओळखल्या जातात.

बाराव्या शतकातील फ्रान्समध्ये या परंपरेला नवा बहर आला. क्लेर्व्हो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड (१०९०-११५३) यांनी ११३५च्या सुमारास गीतरत्नावर प्रवचने लिहावयास घेतली. अठरा वर्षांत ८६ प्रवचने झाली आणि मृत्यू आला, तेव्हा ते जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापर्यंत पोहोचले होते. गीताच्या पहिल्याच वचनातील चुंबनाचे त्यांनी तीन पायऱ्यांत विवरण केले. प्रथम चरणांचे चुंबन, म्हणजे पश्चात्ताप. मग हाताचे, म्हणजे उठून उभे राहण्यासाठी लाभलेला आधार. आणि अखेरीस मुखाचे, म्हणजे मीलन. पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून कोणी थेट तिसरीवर जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. याच मालिकेतील सव्विसाव्या प्रवचनात भाष्य मध्येच थांबते आणि ११३८मध्ये निधन पावलेला भाऊ जेरार्ड याच्यासाठी बर्नार्ड यांचा शोक उसळून येतो. देवप्रेमामुळे माणसाचे प्रेम आटत नाही, हे त्या प्रवचनाने दाखवून दिले.

बर्नार्ड यांचे श्रोते मठवासी पुरुष होते आणि तरीही ते स्वतःला वधू म्हणवीत. लॅटिनमध्ये आत्म्यासाठीचा शब्द स्त्रीलिंगी असल्याने भाषेच्या दृष्टीने हे सोपे झाले. परंतु खरे कारण अधिक खोल होते. परमेश्वराने प्रथम प्रेम करावे आणि माणसाने ते स्वीकारून प्रतिसाद द्यावा, हा क्रम या रूपकाला अभिप्रेत आहे.

तेराव्या शतकात हे रूपक मठांच्या लॅटिनमधून लोकभाषांत उतरले. माग्देबुर्गची मेश्टिल्ड आणि ब्राबांत प्रांतातील हाडेविख यांनी आपापल्या बोलीत लिहिले. त्यानंतरच्या शतकात यान फान रुइसब्रुक यांनी दहा कुमारींच्या दाखल्यातील एकाच वचनावर 'आध्यात्मिक विवाह' हा ग्रंथ रचला. सिएनाची संत कॅथरिन (१३४७-१३८०) हिला दर्शनात ख्रिस्ताने अंगठी घातली आणि ती केवळ तिलाच दिसत असे, असे तिच्या चरित्रकाराने लिहिले आहे. चित्रकारांनी हा प्रसंग अनेकदा रंगविला. मात्र त्या दर्शनानंतर कॅथरिन एकांत सोडून रुग्णांच्या आणि गरिबांच्या सेवेसाठी बाहेर पडली, हा चरित्रातील पुढील भाग तितकाच महत्त्वाचा आहे.

सात दालनांचा दुर्ग

या साधनेची सर्वांत रेखीव मांडणी सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये झाली. तो काळ संशयाचा होता. १५५९मध्ये इन्क्विझिशन या धर्मन्यायासनाने निषिद्ध ग्रंथांची यादी प्रसिद्ध केली आणि लोकभाषेतील बायबलसह अनेक भक्तिपर पुस्तके वाचकांच्या हातून गेली. सालामांका विद्यापीठातील विद्वान कवी लुईस दे लेओन यांनी एका जोगिणीसाठी गीतरत्नाचा स्पॅनिश अनुवाद केला होता. १५७२ ते १५७६ या काळात त्यांना जो तुरुंगवास घडला, त्यामागील आरोपांत या अनुवादाचाही समावेश होता.

आविलाच्या संत तेरेसा (१५१५-१५८२) याच वातावरणात लिहीत होत्या. त्यांचे आजोबा यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेले, त्या स्वतः स्त्री, लॅटिनचे शिक्षण नाही. अशा व्यक्तीने अंतरंगातील अनुभवाविषयी लिहिणे धोक्याचे होते. गीतरत्नातील काही वचनांवर त्यांनी केलेले चिंतन एका धर्मगुरूच्या सांगण्यावरून त्यांना जाळावे लागले. या विषयावर स्त्रीने लिहू नये, असे त्यांचे मत होते. मठातील भगिनींनी जपलेल्या प्रतीमुळे ते चिंतन वाचले आणि १६११मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे आत्मचरित्रही तेव्हा धर्मन्यायासनाच्या ताब्यात होते. ते हाताशी नसल्याने, वरिष्ठांच्या आज्ञेवरून, १५७७च्या जून ते नोव्हेंबर या महिन्यांत त्यांनी 'आंतरिक दुर्ग' हा नवा ग्रंथ लिहिला.

या ग्रंथात आत्मा हा स्फटिकाचा किल्ला आहे. त्याला सात दालने असून मध्यभागी परमेश्वर राहतो. किल्ल्याचे दार म्हणजे प्रार्थना. पहिल्या तीन दालनांत साधकाचे स्वतःचे प्रयत्न प्रधान असतात. चौथ्यापासून ईश्वरी कृपेचा ओघ वाढू लागतो. पाचव्या दालनात रेशमाच्या किड्याचा दृष्टान्त येतो. किडा आपल्याभोवती कोश विणतो, त्यात मरतो आणि फुलपाखरू होऊन बाहेर पडतो. येथपासून विवाहाची भाषा सुरू होते. पाचव्या दालनात जणू दोन्ही बाजूंची पहिली भेट होते, सहाव्यात वाङ्निश्चय आणि सातव्यात विवाह.

सहावे दालन ग्रंथात सर्वांत मोठे आहे आणि ते सुखाचे नाही. आजारपण, लोकनिंदा, धर्मगुरूंचा अविश्वास, आपण फसलो तर नाही ना ही शंका, हे सारे तेथे आहे. वाङ्निश्चय आणि विवाह यांतील भेद तेरेसा दोन दृष्टान्तांनी स्पष्ट करतात. दोन मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र आणल्या तर प्रकाश एक होतो, पण त्या पुन्हा वेगळ्या करता येतात; हा वाङ्निश्चय. पावसाचे पाणी नदीत पडले की ते निराळे काढता येत नाही, हा विवाह. तेरेसा यांना स्वतःला हा अनुभव १८ नोव्हेंबर १५७२ रोजी, आविला येथील मठात क्रूसाचे संत योहान यांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घेताना आला, असे त्यांनी नमूद केले आहे.

मीलनाची परीक्षा कोणती, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मात्र अनपेक्षित आहे. दर्शने किंवा समाधी ही ती परीक्षा नव्हे. सातव्या दालनात समाधीचे प्रसंग उलट कमी होतात. या विवाहाची अपत्ये म्हणजे सत्कर्मे, असे त्या सांगतात. शुभवर्तमानातील मार्था सेवेत गुंतलेली आणि मरिया चरणांशी बसलेली. या दोघींनी मिळूनच प्रभूचे आतिथ्य केले पाहिजे. तेरेसा यांनी स्वतः स्पेनच्या धुळीच्या रस्त्यांवरून प्रवास करीत, कर्जे आणि खटले निस्तरत, मठ स्थापन केले.

ग्रंथ पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर १५७७मध्ये, सुधारणांना विरोध करणाऱ्या कार्मेलच्या संन्याशांनी क्रूसाचे संत योहान (१५४२-१५९१) यांना पकडून तोलेदो येथे कोंडले. नऊ महिन्यांच्या त्या कोठडीत त्यांनी 'आध्यात्मिक गीत' या काव्याचा बहुतांश भाग रचला. लपून बसलेल्या प्रियकराला शोधत निघालेली वधू हा त्याचा विषय. कैदेतून निसटल्यानंतर त्यांनी या काव्यावर विस्तृत भाष्य लिहिले. १५८८मध्ये तेरेसा यांचे साहित्य संपादून प्रसिद्ध झाले; संपादक होते पूर्वी तुरुंगवास सोसलेले लुईस दे लेओन. कॅथलिक चर्चने पुढे योहान यांना १९२६मध्ये, तर तेरेसा आणि कॅथरिन यांना १९७०मध्ये 'चर्चचे आचार्य' हा मान दिला. हा मान मिळालेल्या त्या दोघी पहिल्याच स्त्रिया होत.

मठाबाहेरचा विवाह

मठजीवन नाकारणाऱ्या प्रोटेस्टंट पंथानेही हे रूपक सोडले नाही. मार्टिन ल्यूथर यांनी १५२०मधील ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्याविषयीच्या निबंधात ते वापरले. विवाहात दोघांची मालमत्ता सामाईक होते. त्याप्रमाणे आत्म्याची पापे ख्रिस्त स्वतःकडे घेतो आणि आपले नीतिमत्त्व आत्म्याला देतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. येथे विवाह हे साधनेचे शिखर उरत नाही. तो श्रद्धेच्या पहिल्याच क्षणी आणि प्रत्येक सामान्य श्रद्धावंताच्या बाबतीत घडतो.

कॅथलिक चर्चमध्ये कौमार्यव्रताच्या विधीत चौथ्या शतकापासून विवाहविधीची छाया दिसते. मठाबाहेर, संसारी समाजात राहून हे व्रत घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठीचा प्राचीन विधी १९७०मध्ये पुनरुज्जीवित करण्यात आला. त्यात आजही अंगठी दिली जाते. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठ हे या परंपरेचे आपल्या भूमीवरील स्मारक होय. १६०६मध्ये आर्चबिशप आलेशो दे मेनेझिस यांनी ऑगस्टिनियन जोगिणींसाठी तो स्थापन केला आणि १६२७मध्ये त्याची भव्य वास्तू पूर्ण झाली.

मराठी भक्तीशी तुलना

मराठी वाचकाला या संदर्भात मधुराभक्ती आठवणे साहजिक आहे. ज्ञानदेवांच्या नावावरील विरहिणी आणि एकनाथांच्या गवळणी यांत हीच ओढ आहे. पुरुष संतकवी स्त्रीच्या भूमिकेतून बोलतो, हे साम्यही लक्षणीय आहे. तथापि मराठी संतांचे सर्वांत लाडके रूपक पत्नीचे नसून लेकराचे आहे. विठ्ठल येथे माउली होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर अभंगांतून ख्रिस्ताला आळविले, तेव्हा त्यांच्या वाणीतही हे आईपण उतरले.

दुसरा भेद तत्त्वज्ञानाचा आहे. नदीत मिसळणाऱ्या पावसाचा दृष्टान्त अद्वैताची आठवण करून देतो. परंतु ख्रिस्ती आचार्यांनी द्वैत पुसले नाही. बर्नार्ड यांच्या मते हे ऐक्य द्रव्याचे नसून इच्छेचे आणि प्रेमाचे आहे. वधू आणि वर दोन राहतात, म्हणूनच प्रेम शक्य होते.

आक्षेप आणि अर्थ

आधुनिक काळात या रूपकावर गंभीर आक्षेप घेतले गेले. देव नेहमी पती आणि चुकणारी प्रजा नेहमी पत्नी असेल, तर संसारातील पतीच्या वर्चस्वाला धर्माचा आधार मिळतो, असे अनेक स्त्रीवादी अभ्यासकांनी म्हटले आहे. होशेयाच्या ग्रंथात पत्नीला शिक्षा करण्याची जी भाषा येते, ती आज अस्वस्थ करणारी आहे. दुसरीकडे, गीतरत्न हे मुळात मानवी प्रेमाचेच काव्य असून ते तसेच वाचले पाहिजे, असे अनेक बायबल-अभ्यासक मानतात.

हे आक्षेप मान्य केल्यावरही परंपरेतील एक सूत्र शिल्लक राहते. ज्यांनी हे रूपक अखेरपर्यंत जगून पाहिले, त्यांनी त्याचा उपयोग सत्ता गाजविण्यासाठी केला नाही. बर्नार्ड यांनी त्यातून क्रम शिकविला, योहान यांनी कोठडीत त्याचा आधार घेतला आणि तेरेसा यांनी त्याची कसोटी शेजाऱ्याच्या सेवेत ठेवली. देवावरचे प्रेम मोजता येत नाही, शेजाऱ्यावरचे मात्र दिसते, हा त्यांचा व्यवहारी निष्कर्ष. स्त्रीने या विषयावर लिहू नये म्हणून ज्यांचे पाने जाळण्यात आली, त्यांच्याच ग्रंथांवाचून आज या विषयाचा अभ्यास पुढे सरकत नाही.