रांगेतला ताण

साल १९८६, फेब्रुवारी सरत आलाय. महागाव भागातल्या फुलसावंगीहून कापसाची गाडी भरून निघालीय आणि तुम्ही धुरकऱ्याशेजारी बसला आहात. १९७२ पासून राज्यात एकाधिकार खरेदी आहे, त्यामुळे कापूस घालायचा तो सरकारलाच. केंद्रावर पोचता, तर पुढं गाड्यांची ही लांब रांग. मुक्काम इथंच.

दुसऱ्या दिवशी ग्रेडर येतो, गाडीतला कापूस उपसून बघतो. शेजारच्या माणसाची मूठ आवळते, छाती धडधडते. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच मांडलं होतं. पण इथं ग्रेडरशी भांडून भागत नाही आणि पळालं तर नंबर जातो.

आता रांगेतून पन्नास वर्षं मागं जा. १९३६, माँट्रियल. हान्स सेल्ये यांच्या प्रयोगशाळेत उंदीर आहेत. थंडी द्या, इजा करा किंवा विषारी द्रव्य टोचा, परिणाम सारखाच: अधिवृक्क ग्रंथी सुजतात, जठरात व्रण पडतात. आधी शरीर खडबडून उठतं, मग तग धरतं, शेवटी थकतं.

मग एकाच रांगेतला एकजण बिडी ओढत गप्पा मारतो आणि दुसऱ्याच्या गळ्याखाली भाकर उतरत नाही, असं का? रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये उत्तर दिलं. माणूस मनाशी दोन हिशेब करतो: माझं काय पणाला लागलंय आणि निभावायला हाताशी काय आहे? दुसरं पहिल्याला पुरत नाही असं वाटलं, की ताण येतो.

तुम्ही शेजाऱ्याला त्याचा हिशेब विचारता. तो म्हणतो, "चुकारा आला का सोसायटी कर्ज कापून घेते, भाऊ. बियाणं कशाचं आणू?"

त्याचा हिशेब चुकलेला नाही.

१९ मार्च १९८६. याच महागाव भागातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते.

आता आजच्या फुलसावंगीत या. १४४१६ या मानसिक आधाराच्या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतूनही. तो नंबर शेजाऱ्याला जरूर द्या. त्यानं मन सावरायला मदत होते. पण कर्ज आणि भाव यांचं उत्तर समुपदेशकाकडं नसतं, ते सरकारकडं आणि बाजाराकडं मागावं लागतं. म्हणून "टेन्शन घेऊ नको" म्हणण्याआधी एवढं विचारा: हाताशी काय उरलंय?