वेष्टनावरील एक नाव : ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६)

बीटल्स या ब्रिटिश रॉक वृंदाची ‘रिव्हॉल्व्हर’ ही ध्वनिमुद्रिका ५ ऑगस्ट १९६६ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाली. तिच्या १४ गीतांत ८ तंतुवाद्यांच्या साथीचे ‘एलिनॉर रिग्बी’ आहे, तसेच ध्वनिफितींची आवर्तने एकमेकींवर रचून सिद्ध केलेले ‘टुमॉरो नेव्हर नोज’ही आहे. तथापि सांस्कृतिक देवघेवीच्या दृष्टीने अधिक विचारार्ह ठरते ते जॉर्ज हॅरिसन यांचे ‘लव्ह यू टू’. १९६५ च्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार होती, पण ती पाश्चात्त्य चालीवरील अलंकार म्हणून. येथे मात्र रचनेचा सांगाडाच हिंदुस्थानी संगीतातून आलेला आहे : आरंभी तालमुक्त, आलापसदृश सतार, मग तबल्याचा प्रवेश, अखेरीस वाढती लय.

हा तबला अनिल भागवत यांनी वाजवला आणि त्यांचे नाव वेष्टनावर छापले गेले. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांवर बाहेरच्या वादकांना असा मान क्वचितच मिळे. परंतु याच गीतासाठी लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून आलेले अन्य वादक अनामच राहिले. परिणामी सतारीचा कोणता भाग हॅरिसन यांचा, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १९६७ च्या ‘विदिन यू विदाउट यू’मधील भारतीय वादकांची नावे तर वेष्टनावर आलीच नाहीत.

नव्या शैलीच्या स्वीकाराचा इतिहास केवळ स्वीकारणाऱ्याच्या नावे लिहिला, की देणाऱ्याचा वाटा नोंदीतून निसटतो. भागवत यांचे छापील नाव म्हणूनच महत्त्वाचे. न छापलेल्या नावांचा शोध तेथूनच सुरू करावा लागतो.