डेडस्टॉक रजिस्टरमध्ये न मावलेलं कार्ड

ज्या मोबाईलवर तुम्ही हा भाग ऐकताय, त्याच्या वाय-फायच्या चिपला कारखान्यातच एक नंबर मिळालेला असतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. ऑफिसातल्या पीसीच्या नेटवर्क कार्डालाही असाच नंबर असतो. आजचा भाग या नंबरबद्दल आहे, आणि तो दप्तरात लिहून ठेवण्याच्या खटाटोपाबद्दलही. विषय रुक्ष वाटेल, पण ऐका. शेवटी आपण चिपळूणच्या पुरापर्यंत येणार आहोत.

सुरुवात 1973 ची. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एका इमारतीतले कॉम्प्युटर एकाच केबलवर एकमेकांशी बोलतील, अशी ती कल्पना. त्या पहिल्या इथरनेटमध्ये पत्ता फक्त 8 बिटांचा होता. म्हणजे एका नेटवर्कवर जास्तीत जास्त 256 पत्ते. एका मजल्याला पुरेसे, जगाला नाही.

इथे येतात योगेन दलाल. 1972 साली पवईच्या आयआयटी मुंबईतून बी.टेक. झाले आणि पुढे स्टॅनफर्डला गेले. इंटरनेट ज्यावर चालतं त्या टीसीपीचा पहिला आराखडा 1974 मध्ये लिहिला गेला, त्याच्या तीन लेखकांपैकी हे एक. नंतर ते झेरॉक्समध्ये गेले. 1981 मध्ये त्यांनी रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासोबत एक निबंध लिहिला. म्हणणं साधं होतं: नंबर नेटवर्कने देऊ नये, यंत्राला जन्मतःच मिळावा आणि जगात तो दुसऱ्या कुणाला मिळू नये. यंत्र एका ऑफिसातून उचलून दुसरीकडे नेलं तरी नंबर तोच राहावा.

त्यासाठी 48 बिट. एकूण नंबर किती? सुमारे 281 लाख कोटी! पहिले 24 बिट कंपनीचे, उरलेले 24 त्या कंपनीने आपल्या कार्डांना वाटायचे. म्हणजे अशा एका गठ्ठ्यात 1 कोटी 67 लाखांवर कार्डं बसतात. आधी हे गठ्ठे झेरॉक्स वाटायची, पुढे आयईईई ही संस्था वाटू लागली.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मॅक ॲड्रेस हा गट नंबर आहे. सातबाऱ्यावर नावं फेरफाराने बदलतात, गट नंबर सहसा तोच राहतो. आयपी ॲड्रेस मात्र भाडेकरूसारखा, आज इथे, उद्या तिथे. म्हणून नोंद करताना कार्डाची ओळख मॅकवरून ठेवायची, आयपीवरून नाही.

आता आपल्या रत्नागिरीत या. शाळा असो, ग्रामपंचायत असो, डेडस्टॉक रजिस्टर सगळ्यांना माहीत आहे. ग्रामपंचायतीत त्याला नमुना 16 म्हणतात, जडवस्तू संग्रह आणि जंगम मालमत्तेची नोंदवही. खुर्च्या किती, कपाटं किती, कधी घेतली, किंमत काय, कधी निर्लेखित केली. व्यवस्था चांगली आहे, कारण खुर्चीच्या आत दुसरी खुर्ची नसते.

कॉम्प्युटरचं तसं नाही. रजिस्टरमध्ये ओळ पडते, ‘संगणक संच, नग 1’. आतलं कार्ड 100 एमबीपीएसचं की 1 जीबीपीएसचं? ते वेगळं बसवलंय की मदरबोर्डवरच आहे? वाय-फाय आहे का? रकाना नाही, म्हणून नोंद नाही. उद्या गावात फायबर आली, प्लॅन 300 चा घेतला आणि पीसीचं कार्ड 100 चं निघालं, तर त्या पीसीला 100 च्या वर काही मिळणार नाही. बिल मात्र 300 चं येतच राहणार.

हा रकाना सॉफ्टवेअरने दिला. फ्रान्समध्ये 2003 मध्ये जीएलपीआय हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर सुरू झालं. त्यात नेटवर्क कार्ड हा स्वतंत्र घटक असतो: बनवणारी कंपनी, मॉडेल, वेग, मॅक. मॉडेलची माहिती एकदाच भरायची आणि पन्नास पीसींना तीच जोडायची. मॅक मात्र प्रत्येकाचा वेगळा. पीसीवर छोटा एजंट प्रोग्रॅम टाकला तर तो हे सगळं आपोआप गोळा करतो. फक्त कार्डाची क्षमता आणि त्या क्षणी मिळणारा वेग वेगळे लिहा. 1 जीबीपीएसचं कार्डसुद्धा खराब केबलवर 100 नेच चालतं.

गंमत म्हणजे दलाल यांनी पक्का केलेला नंबर आता फोन मुद्दाम लपवतात. दुकानं, मॉल त्यावरून माग काढू लागले, म्हणून 2014 मध्ये आयफोनने नेटवर्क शोधताना खोटा नंबर द्यायला सुरुवात केली. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून नेटवर्कला जोडतानाही तसंच होतं. तपासायचंय? सेटिंग्जमध्ये तुमच्या वाय-फायचा मॅक बघा. दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल तर तो बनावट. तुमच्या खासगीपणासाठी हे उत्तमच, पण ऑफिसच्या नोंदीत तो नंबर चढला तर नोंद वाया. यूएसबी डोंगलचंही तसंच. एकच डोंगल दोन लॅपटॉपना लावला तर सॉफ्टवेअरला दोन्ही एकच वाटू शकतात. म्हणून मॅकसोबत लॅपटॉपचा सिरीयल नंबरही हवा.

आता चिपळूण. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड वाचवण्यासाठी कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 नंतर पुन्हा एकदा पुस्तकं भिजली. अशा वेळी पंचनाम्याला आणि विम्याला पहिला प्रश्न असतो, ‘काय काय होतं?’ रजिस्टर ज्या कपाटात, ते कपाटच पाण्यात असेल तर उत्तर कुठून द्यायचं? आणि जीएलपीआयचा सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तोही रजिस्टरसोबतच बुडणार.

म्हणून वस्तूला पक्का नंबर हवा, नोंदीत त्याचा रकाना हवा आणि त्या नोंदीची एक प्रत पुराच्या रेषेवर, दुसऱ्या गावात हवी. तुमच्या कॉलेजात, ग्रामपंचायतीत किंवा वडिलांच्या दुकानात यातलं काय आहे, एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!