शेष, अपूर्णांकी (संगणकीय गणित)

शेष, अपूर्णांकी : एका दशांशयुक्त संख्येतून दुसरी तशीच संख्या जितक्या पूर्ण वेळा वजा होऊ शकते तितक्या वेळा वजा केल्यावर उरणारी बाकी. वर्तुळात फिरणाऱ्या प्रत्येक राशीच्या, म्हणजे कोन, घटिका, वार, तिथी यांच्या हिशेबाला ही बाकी आधारभूत असल्याने, संगणकांच्या गणिती लायब्ररींत तिच्यासाठी स्वतंत्र फलने मुक्रर केलेली असतात.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथात गतवर्षांना ११ ने भागून भागाकाराला ‘चक्र’ म्हटले आहे, आणि दिवसांची मोजणी केवळ शेष वर्षांपुरती करण्याची तजवीज केली आहे, एका चक्राचे दिवस ४०१६. अहर्गण, म्हणजे दिवसांची ही मोजणी, असा लहान राहिल्यामुळे गणकाचे गुणाकार आटोक्यात राहिले, आणि चार शतके दक्षिणेतील पंचांगे त्या सोयीवर चालली.

आजचे उदाहरण यिशुनचे घेऊ. सिंगापूर बेटाच्या उत्तरेकडील या वसाहतीत सूर्य सुमारे सात वाजता उगवतो, तेव्हा भारतीय घड्याळात साडेचारच झालेले असतात. त्यामुळे सूर्योदयाची तिथी मुंबईच्या पंचांगातून उचलता येत नाही, ती तेथल्या अक्षांश-रेखांशांवरूनच काढावी लागते. तिथी म्हणजे चंद्र व सूर्य यांच्या भोगांतील (क्रांतिवृत्तावरील स्थानांतील) अंतराचा बारा अंशांचा एकेक भाग. २२ ऑगस्ट २०२४ रोजी यिशुनच्या घड्याळाने रात्री आठच्या सुमारास, १ जानेवारी २००० च्या ग्रीनिच मध्यान्हापासून ९००० दिवस पुरे झाले. मध्यम (एकसमान गतीच्या) सूर्याचा भोग २८०.४६० अधिक ९००० गुणिले ०.९८५६४७४, म्हणजे ९१५१.२८६६ अंश, ३६० ने भागून शेष १५१.२८६६. त्याच रीतीने मध्यम चंद्राचा शेष ५.८८०. चंद्रातून सूर्य वजा करता उणे १४५.४०६६.

येथेच फलनांची परीक्षा होते. सी भाषेचे ‘एफमॉड’ भागाकाराचा अपूर्णांक शून्याकडे छाटते आणि शेषाला भाज्याचे चिन्ह देते. म्हणून ते उणे १४५.४०६६ जसेच्या तसे परत करते. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने सांगितलेले, आणि सी भाषेत १९९९ च्या मानकाने आलेले ‘रिमेंडर’ सर्वांत जवळचा पूर्णांक घेते, म्हणून त्याचा शेष भाजकाच्या निम्म्याहून कधी मोठा नसतो; येथे त्याचेही उत्तर तेच. पायथन भाषेतील टक्केचिन्ह मात्र भाजकाचे चिन्ह राखते व २१४.५९३४ देते. बाराने भागता १७.८८, म्हणजे अठरावी तिथी, कृष्ण तृतीया संपत आलेली. स्पष्ट, म्हणजे खऱ्या गतीच्या, गणिताने त्या संध्याकाळी चतुर्थी लागलेलीच होती. ऋण शेष तसाच पुढे नेणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र उणे बारावी तिथी मिळते, जी कोणत्याही पंचांगात नाही.

या फलनांवर अचूकतेच्या बाबतीत जो ठपका ठेवला जातो तो बहुतांशी अन्यायाचा आहे. १.० ला ०.१ ने भागून ‘एफमॉड’ शून्याऐवजी ०.०९९९९९९९९९९९९९९९५ देते, कारण संगणकात साठलेला ०.१ हा खऱ्या दशांशाहून किंचित मोठा असतो व दहावी वजाबाकी होऊच शकत नाही. दिलेल्या संख्यांची बाकी मात्र रतिमात्रही चुकलेली नसते. बेरीज व गुणाकार निकटन (उत्तर जवळच्या मांडता येण्याजोग्या संख्येवर नेणे) करतात, तर ‘एफमॉड’ व ‘रिमेंडर’ यांचे उत्तर नेहमी पूर्णपणे मांडता येण्याजोगे असते, कारण लायब्ररी द्विमान अंकांचा दीर्घ भागाकार शेवटपर्यंत करते. भाज्य भाजकाहून प्रचंड मोठा असल्यास त्याला वेळ लागतो, इतकेच. भाजक शून्य किंवा भाज्य अनंत असेल, तर उत्तर ‘संख्या नव्हे’ असे येते.

ऋण शेषात ३६० मिळवून घेण्याचा प्रघात योग्य आहे, तरी त्यात एक खाच आहे. शेष उणे दशांशाच्या पंधराव्या स्थानाइतका सूक्ष्म असेल, तर दुहेरी अचूकतेच्या मांडणीत बेरीज निकटनाने नेमकी ३६० होते, आणि बाराने भागल्यावर एकतिसावी तिथी निघते. म्हणून बेरजेनंतर ३६० आले तर तेथे शून्य मांडावे. ही रुजुवात पंचांग करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असलीच पाहिजे.