मोटारीच्या चाकाचें माप

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला आपल्याकडे धाव म्हणतात. धाव चाकापेक्षां किंचित् लहान करावयाची, तापवून फुगवावयाची आणि चाकावर बसवून पाण्यानें निववावयाची. म्हणजे ती आकसते आणि आरे व तुंबा यांना घट्ट आवळून धरते. सुताराला आणि लोहाराला एकमेकांचें माप नेमकें ठाऊक असल्याशिवाय हें काम साधत नाहीं. मोटारीचें चाक आणि त्यावरचा टायर यांचें नातेंही याच जातीचें आहे. फरक इतकाच, कीं येथें लोहाराच्या जागीं रबराचा कारखानदार आला आहे, आणि या दोघांच्या मध्यें आणखी एक तिसरा इसम येऊन बसला आहे. तो म्हणजे गाडीचा हौशी मालक. कारखान्यानें दिलेलीं चाकें उतरवून बाजारांतून मोठीं, रुंद आणि झळझळीत चाकें आणावयाचीं, ही हौस आज जगभर आहे; स्पोर्ट्स मोटारींच्या मालकांत तर ती विशेष आहे. ती हौस वाईट असें माझें म्हणणें नाहीं. परंतु मोटारीच्या इतिहासांत चाकाचें जें जें माप रूढ झालें, तें कोणत्या ना कोणत्या अडचणीचें उत्तर म्हणून जन्मास आलेलें आहे. अडचण कोणती होती हें न पाहतां उत्तर तेवढें उचललें, तर पुढें काय होतें हें आज पाहावयाचें आहे.

हवेच्या टायराचा पूर्वेतिहास सर्वांस ठाऊक आहे. १८४५ सालीं टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें त्याचें पेटंट घेतलें, तें विसरलें गेलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यांनीं तीच कल्पना मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं नव्यानें सिद्ध केली. आणि १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतींत मिशलँ बंधूंनीं हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली. वाटेंत ट्यूबा वारंवार फुटल्या आणि बक्षीस तर दूरच राहिलें. परंतु मोटार हवेवर चालूं शकते एवढें जगाला कळलें.

चाकाकडे खऱ्या अर्थानें यंत्रज्ञाच्या दृष्टीनें पाहणारा पुरुष म्हणजे एत्तोरे बुगात्ती. १९२४ च्या ऑगस्टमध्यें लिआँ येथें झालेल्या फ्रेंच ग्राँ प्रीसाठीं त्यानें आपली ‘टाइप ३५’ गाडी आणली. तिला तारांचीं चाकें नव्हतीं. ॲल्युमिनियमचीं ओतीव, आठ चपट्या आऱ्यांचीं चाकें होतीं, आणि ब्रेकचा ड्रम चाकाशींच एकजीव ओतलेला होता. चाक उतरविलें कीं ब्रेक उघडा पडे, आणि पट्टे किती झिजले तें डोळ्यांस दिसे. ॲल्युमिनियममुळें ब्रेकची उष्णताही लवकर बाहेर पडे. त्या दिवशीं टायरांनीं दगा दिला. त्यांचें रबर नीट भाजलें गेलें नव्हतें, तें सुटून आलें आणि शर्यत हातची गेली. परंतु चाक मात्र टिकलें, आणि पुढें त्याच गाडीनें शर्यतींमागून शर्यती जिंकल्या. आज बाजारांत मिळणाऱ्या प्रत्येक ॲलॉय चाकाचा हा पूर्वज. आतां गंमत अशी, कीं आपण त्या आठ आऱ्यांचें सौंदर्य पाहतों, आणि बुगात्तीला त्यांतून ब्रेक पाहावयाचा होता!

इंग्लंडांत दुसऱ्या महायुद्धानंतर एम. जी. कंपनीची टी. सी. ही छोटी स्पोर्ट्स मोटार निघाली. १९४५ पासून १९४९ पर्यंत ती बनत होती. तिला १९ इंच व्यासाचीं तारांचीं चाकें आणि अवघ्या साडेचार इंच रुंदीचे टायर होते. खडबडीत रस्त्यावर उंच, अरुंद चाक सुखानें चालतें. त्या काळच्या रस्त्यांना तें साजेसें होतें. पुढें टी. डी. निघाली, तेव्हां कारखान्यानें पुढचीं चाकें स्वतंत्रपणें स्प्रिंगांवर टांगलीं, आणि चाक १५ इंचांवर आणून टायर साडेपांच इंच रुंद केला. गाडी वळणावर अधिक स्थिर झाली, स्टिअरिंग सुधारलें. आणि मालक काय म्हणाले? पत्र्याचीं चाकें पाहून गाडीचें रूप गेलें म्हणाले! १९५३ सालीं टी. एफ. आली, तेव्हां मागणी असेल त्याला पुन्हां तारांचीं चाकें देण्याची सोय कारखान्यास करावी लागली. माप मात्र १५ इंचांचेंच राहिलें. कारखान्यानें येथें मोठें शहाणपण दाखविलें असें मला वाटतें; रूप गिऱ्हाइकाच्या मर्जीनें दिलें, पण माप आपल्या हातीं ठेवलें.

चाक लहान करण्याची परमावधि १९५९ सालीं झाली. ॲलेक इसिगोनिस यांच्या ‘मिनी’ मोटारीला १० इंचांचीं चाकें होतीं. डनलॉप कंपनीनें तिच्यासाठीं तसे टायर मुद्दाम बनविले. हेतु एकच: चाकांनीं बसणारांची जागा खाऊं नये. पुढें १९६१ सालीं या गाडीची ‘कूपर’ ही वेगवान आवृत्ति निघाली, आणि त्या चिमुकल्या चाकाच्या पोटांत सात इंचांची ब्रेकची डिस्क बसवावी लागली. १९६३ च्या ‘कूपर एस’मध्यें ती साडेसात इंचांची झाली. १९६४, १९६५ आणि १९६७ सालीं या गाडीनें मोंते कार्लोची रॅली जिंकली, आणि ‘मिनिलाइट’ नांवाचीं मॅग्नेशियमचीं हलकीं चाकें हौशी लोकांत प्रसिद्ध पावलीं. चाक हलकें असण्याला महत्त्व आहे, कारण तें स्प्रिंगांच्या खालीं असतें; खड्ड्याशीं त्याची गांठ आधीं पडते. १९८४ सालीं मिनीचें चाक १२ इंचांचें झालें. तें दिसण्यासाठीं नव्हे, ८.४ इंचांची डिस्क १० इंचांच्या चाकांत मावत नव्हती म्हणून.

मधल्या काळांत टायरांत एक मोठी क्रांति घडून गेली होती. मिशलँ कंपनीनें १९४६ सालीं रेडियल टायरचें पेटंट घेतलें आणि १९४९ सालीं तो बाजारांत आणला. जुन्या टायरांत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे घातलेले असत. रेडियलमध्यें ते एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ जातात, आणि जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठाखालीं पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळें वळणावर टायरची भिंत वांकली तरी पृष्ठ सपाट राहतें. आतां भिंत ठेंगणी कां करूं नये, हा विचार सुचणें ओघानेंच आलें. पिरेली कंपनीचा ‘पी ७’ हा त्याचा नामांकित नमुना. १९७५ च्या सुमारास पोर्श कंपनीनें आपल्या ‘९११ टर्बो’ गाडीसाठीं तो घेतला: पुढें २०५/५०, मागें २२५/५०, आणि चाक १५ इंचांचें. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा सांगतो कीं भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती. मागचा टायर रुंद कां? तर या गाडीचें इंजिन मागच्या आंसाच्याही मागें लटकलेलें असतें, आणि वळणावर मागचा भार बाहेर निसटूं पाहतो. म्हणून पुढचीं चाकेंही मागच्याइतकींच रुंद घालावीं असें ज्याला वाटेल, त्यानें आधीं इंजिन कोठें आहे तें पाहावें.

आतां हौशी मालकाचें गणित. १९८९ सालीं जपानच्या माझ्दा कंपनीची ‘एम. एक्स. ५’ ही उघडी स्पोर्ट्स मोटार निघाली. तिचा टायर १८५/६० आणि चाक १४ इंचांचें. १८५ चे शेंकडा ६० म्हणजे १११ मिलिमीटर ही भिंतीची उंची. ती वर एकदां, खालीं एकदां. त्यांत १४ इंचांचे ३५५.६ मिळविले कीं टायरचा पुरा व्यास ५७७.६ येतो. आतां १५ इंचांचें चाक घालावयाचें, तर १९५/५० चा टायर घ्यावा. व्यास ५७६ येतो, आणि फरक दोन मिलिमीटरांच्या आंत राहतो. १९९८ च्या दुसऱ्या पिढींत कारखान्यानें स्वतःच हें माप दिलें. परंतु त्याच १५ इंची चाकावर कोणीं १९५/६० चा टायर चढविला, तर व्यास ६१५ होतो. वेगदर्शक कांटा १०० दाखवितो तेव्हां गाडी १०६ च्या वर धांवत असते, चाक वळवितांना टायर आंतल्या पत्र्याला घांसण्याचा धोका असतो, आणि तितक्याच ब्रेकला अधिक मोठें चाक थोपवावें लागतें. आंकडा तेवढा दहानें बदलला!

आणखी एक माप आहे, तें दुकानांत क्वचित् सांगतात. चाक ज्या पृष्ठावर बोल्टांनीं आवळतात, तें पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे, याला ऑफसेट म्हणतात. तो कमी केला कीं चाक बाहेर सरकतें आणि गाडी रुबाबदार दिसते. पण मग भार बेअरिंगाच्या बाहेर पडतो. आणि एक चाक पाण्याच्या डबक्यांत व दुसरें कोरड्या डांबरावर असतां ब्रेक लावला, तर स्टिअरिंग हातांतून ओढलें जातें. तो क्षण फार लहान असतो, आणि तेवढ्यांत दुभाजक गांठला जातो. याच्या जोडीला ठेंगणी भिंत आणि आपल्याकडील पावसाळ्यानंतरचे खड्डे! रबर दबावयास जागा नसली, कीं मार थेट रिमवर बसतो. रिम वांकते, कधीं तडकते. आपल्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत तेंच पुन्हां बजावलें. कायद्याच्या भीतीनें कां होईना, मालकानें भार सोसण्याचा आंकडा, व्यास आणि ऑफसेट हीं तिन्ही जुळवून मगच रूपाकडे वळावें.

त्या माझ्दा गाडीचें पुढें काय झालें, तें सांगून थांबतों. दुसऱ्या पिढींत चाक १६ इंचांवर आणि तिसऱ्या पिढींत १७ इंचांवर गेलें, आणि बोल्ट चारांचे पांच झाले. २०१५ सालीं चौथी पिढी आली, तेव्हां यंत्रज्ञांनीं वजन उतरविण्याचा ध्यास घेतला होता. बोल्ट पुन्हां चार झाले, आणि दीड लिटर इंजिनाच्या गाडीला १६ इंचांच्या चाकावर १९५ मिलिमीटरांचा टायर मिळाला. १९८९ सालीं तो १८५ होता.